निनाचं घर तीनदा पाहताना

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. 'फुलमेटल अल्केमिस्ट'ची २००३ची अ‍ॅनिमेशन मालिका मूळ मंगापासून, म्हणजे जपानी चित्रकथेपासून, भरकटली म्हणून तू चिडली आहेस. आणि त्याच मेलच्या शेवटी, स्वतःच्या गोष्टीचा स्टोरीबोर्ड, म्हणजे पडद्यासाठीचा चित्रांतला आराखडा, करायला घेतलाय आणि त्यात मूळ गोष्टीतलं एकही वाक्य सोडणार नाही, असंही कळवलंयस. मला या दोन्ही गोष्टी एकच वाटतात, म्हणून एकत्रच लिहिते.

आधी तुझा राग. हिरोमु आराकावांची ही मंगा २००१ ते २०१० मासिकातून क्रमशः येत होती. पुढे तिचे २७ खंड झाले. बोन्स स्टुडिओने पहिली मालिका सुरू केली तेव्हा मंगा निम्म्यावरही आली नव्हती. शेवट तुमचा तुम्ही शोधा, असं खुद्द आराकावांनीच त्यांना सांगितलं होतं. मग मंगा संपत आली तशी, २००९ मध्ये, त्याच स्टुडिओने 'ब्रदरहूड' केली, तीही मूळ कथेच्या मागोमाग जाणारी. एकाच गोष्टीची ५१ भागांची एक मालिका आणि ६४ भागांची दुसरी. शिकणाऱ्याला असं घबाड क्वचितच मिळतं गं. यातली खरी कुठली, या वादात ते वाया घालवू नकोस.

त्यापेक्षा निनाचा प्रसंग घे. मंगात तो एका प्रकरणात आटोपतो. एडवर्ड आणि अल्फोन्स हे नायक भाऊ टकर या किमयागाराच्या घरी त्याचा ग्रंथसंग्रह बघायला येतात, त्याच्या छोट्या मुलीशी, निनाशी, आणि तिच्या कुत्र्याशी खेळतात, आणि परत येतात तेव्हा टकरने बोलणारा प्राणी तयार केलेला असतो. तो प्राणी अडखळत एडवर्डला 'ओनी-चान' म्हणतो. इंग्रजी उपशीर्षकांत तिथे 'बिग ब्रदर' येतं, पण तू तो शब्द आपल्या कानाने ऐक: 'दादा'. घरातल्या लहानग्या पोरीने मारलेली हाक आहे ती. टकरने तो प्राणी निना आणि तिच्या कुत्र्यापासूनच बनवलाय, हे एडवर्डला त्या एका शब्दावरून कळतं, आणि आपल्यालाही.

'ब्रदरहूड'मध्ये हे सगळं चौथ्या भागात उरकतं, कारण पुढे फार लांबचा पल्ला आहे. २००३च्या मालिकेत मात्र एडवर्ड सरकारी किमयागाराच्या परीक्षेच्या तयारीसाठी त्याच घरात राहतो. निना आपल्याला दोन भाग भेटत राहते, आपण त्या घरात रुळतो. मंगाला धरून नाही हे, कबूल. पण त्या 'दादा'ने माझा जीव सगळ्यात जास्त तुटला तो याच मालिकेत. का, ते मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. मंगा वाचताना वेळ तुझ्या हातात असतो. पान उलटायच्या आधी तू थांबू शकतेस, मागे जाऊन निनाचं हसू पुन्हा बघू शकतेस. पडद्यावर ती मुभा नाही. तिथे वेळ दिग्दर्शक देतो. त्याने दिला नाही तर प्रेक्षकाला तो कुठूनही मिळत नाही.

'फ्रीरेन' या दुसऱ्या मंगाचं पहिलं प्रकरण पुन्हा काढ. दहा वर्षांची मोहीम संपवून चौघं परततात, उल्कावर्षाव पाहतात, पुढचा आणखी ५० वर्षांनी. ती ५० वर्षं दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत निघून जातात, आणि हजाराहून अधिक वर्षं जगलेल्या फ्रीरेनला ती तेवढीच वाटलेली असतात. मग त्या चौघांतल्या हिम्मेलच्या अंत्यविधीला तिला रडू फुटतं. पडद्यावर ती पांढरी पट्टी नसते. तिची मालिका करणाऱ्या मॅडहाऊस स्टुडिओच्या लोकांना तिच्या जागी शांतता, संगीत, चेहऱ्यावर रेंगाळणारं चित्र असं काही ना काही शोधावं लागलं. २०२३ मध्ये जपानी टीव्हीवर पहिले चार भाग एका रात्री सलग दाखवले, तेही एरवी सिनेमे लागतात त्या वेळेत. मला हा निर्णय फार आवडला. या गोष्टीला सुरुवातीलाच मोकळी जागा लागते, हे कुणीतरी ओळखलं होतं.

आणि अ‍ॅनिमेशनपटांचे दिग्दर्शक मियाझाकी! 'नाउसिका' त्यांचीच मंगा, सिनेमाही त्यांचाच. १९८४ मध्ये सिनेमा आला तेव्हा मंगाची सुरुवातच झाली होती. ती संपली १९९४ मध्ये, सात खंडांत, सिनेमापेक्षा कितीतरी काळोख्या आणि अवघड जागी. एकाच माणसाच्या हातून एकाच मुलीच्या गोष्टीचे दोन शेवट झाले. आता सांग, कुणी कुणाशी बेइमानी केली?

तुझ्या वयाची असताना मीही एका कथेचा स्टोरीबोर्ड केला होता, शब्दन् शब्द राखून. कथेतली आजी दारात उभी राहून वाट बघते, त्या ओळीला मी चार सेकंद दिले, कारण ओळ तेवढीच होती. वाट बघणं चार सेकंदांत होत नाही. आजही ते चित्र आठवलं की ते पुन्हा करावंसं वाटतं.

म्हणून सध्या स्टोरीबोर्ड बाजूला ठेव. निनाचं मंगातलं प्रकरण समोर घे आणि दोन्ही मालिकांतला तोच प्रसंग घड्याळ लावून बघ. कुठली चौकट किती सेकंद टिकली, कुठली गळली, कुठली नव्याने आली, ते वहीत लिही. मंगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, तेव्हा धक्का पान उलटल्यावर येतो की त्याच पानावर, तेही टिपून ठेव. पडद्यावर तो धक्का कशाच्या आडून येतो? दाराच्या, पाठमोऱ्या माणसाच्या, की नुसत्या आवाजाच्या?

हे झालं की तुझ्या गोष्टीतली तुला सगळ्यात लाडकी तीन वाक्यं मला पाठव. त्यातलं कुठलं न बोलता दाखवता येईल, ते रविवारी फोनवर बोलू. वही जवळ ठेव.

तुझी,
ताई