गेटसभेआधीची कामं

गोदामात युनियन उभी करायला निघालास, फार बरं वाटलं. पण पत्रकं छापायची घाई करू नकोस. आधी प्रत्येक पाळीत, प्रत्येक खात्यात कोणाच्या शब्दाला मान आहे ते हेर. बहुतेकदा तो मोठ्यानं बोलणारा नसतो. पगाराची स्लिप समजून घ्यायला सगळे ज्याच्याकडे जातात, तो असतो.

मुंबईतला १९२८ चा गिरणी संप एप्रिल ते ऑक्टोबर टिकला. डांगे, मिरजकर, जोगळेकर या पुढाऱ्यांची नावं आपण घेतोच. पण लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनची खरी ताकद गिरणीगिरणीतल्या कमिट्यांत होती. खात्यातली तक्रार कामगारच तिथल्या तिथे उचलत. पुढारी बाहेरचा चालेल, कमिटी आतलीच हवी.

१९८२ चा संपही नीट अभ्यास. सुमारे २.५ लाख गिरणी कामगार युनियनचे पुढारी दत्ता सामंत यांच्यामागे गेले. प्रश्न पगार-बोनसचा होताच, शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं मान्यता दिलेली एकमेव युनियन, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, कामगारांना आपली वाटत नव्हती.

आणि घरोघरी जा. घरच्यांना संप कळला नाही, तर पहिला हप्ता थकताच माणूस खचतो. गिरणगावात खानावळवाल्या बायांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. असा आधार संपाच्या नोटिशीआधीच जोडावा लागतो.

वर्गणी पावतीशिवाय घेऊ नकोस. हिशेब दरमहा सगळ्यांसमोर वाच.