टोस्ट म्हणजे भाजलेला ब्रेड, मग ग्लास उंचावताना पण 'टोस्ट' का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की दोन्ही शब्द एकच आहेत की नुसते सारखे दिसतात. एकच आहेत. मला पण कॉलेजात असताना हाच प्रश्न पडला होता, इंग्रजी सिनेमातल्या लग्नात कोणीतरी उठून टोस्ट करूया म्हणतो आणि टेबलावर ब्रेड कुठेच नसतो.

पूर्वी तो ब्रेड खरंच ग्लासात असायचा. इंग्लंडमध्ये वाइनमध्ये नाहीतर बिअरमध्ये भाजलेल्या ब्रेडचा तुकडा टाकायचे, बऱ्याचदा मसाला लावून, म्हणजे पेयाला चव यायची. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' नाटकात फॉल्स्टाफ या पात्राला थेम्स नदीत फेकून देतात, तो ओलाचिंब होऊन परत येतो आणि आल्या आल्या लिटरभर वाइन मागवतो, वर सांगतो त्यात टोस्ट टाक.

पुढे 1700 च्या आसपास हा शब्द ब्रेडवरून माणसावर गेला. ज्या सुंदर बाईचं नाव घेऊन प्यायचं तिलाच टोस्ट म्हणायला लागले, म्हणजे ब्रेडने जशी चव येते तशी तिच्या नावाने येते अशी कल्पना. 1709 मध्ये लंडनच्या 'टॅटलर' या नियतकालिकात एक किस्सा छापून आला होता, बाथ गावातल्या कुंडात एक सुंदरी उभी होती, एका चाहत्याने त्यातलंच पाणी ग्लासात घेऊन तिच्या नावाने प्यायलं, तर दुसरा झिंगलेला म्हणाला मला हे पेय नको, टोस्ट हवाय, आणि पाण्यात उडी मारायला निघाला. किस्सा खरा असेलच असं नाही पण तेव्हा लोकांच्या डोक्यात ब्रेड आणि बाई हे कसं जोडलेलं होतं ते यातून छान कळतं. मग हळूहळू बाई बाजूला पडून त्या पिण्यालाच आणि आधीच्या दोन शब्दांच्या भाषणाला टोस्ट म्हणायला लागले.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. टोस्ट आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे लॅटिनच्या 'तोर्रेरे' वरून, म्हणजे उष्णतेने सुकवणं, भाजणं. आणि त्याच्या मागचं जे मूळ आहे (लॅटिन, इंग्रजी, संस्कृत या सगळ्यांच्या पूर्वज भाषेतलं) त्याचा अर्थ फक्त कोरडं होणं, त्यातूनच इंग्रजीचा 'थर्स्ट' आला आणि संस्कृतचं तृष्णा पण, आणि तृष्णेचं प्राकृतात तण्हा होऊन आपल्याकडे झाली तहान! टोस्ट आणि तहान लांबचे का होईना पण भाऊबहीण आहेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घरात सगळ्यांना धरून धरून सांगितलं होतं.

आणि कोरडं होणं हा अर्थ तव्यावर पण बरोबर बसतो. ब्रेडच्या वरच्या थरात पाणी आहे तोपर्यंत तो 100 अंशाच्या फारसा वर जातच नाही, थर सुकला की मग तापमान चढतं आणि साधारण 140 च्या पुढे साखर आणि प्रथिनांची ती क्रिया जोरात सुरू होते (मेलार्ड म्हणतात तिला, 1912 मध्ये तिचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून), तोच तो खरपूस रंग आणि वास. म्हणून तर कालचा जरा सुकलेला ब्रेड लवकर भाजतो.

आपल्या बेकरीतला टोस्ट वेगळा, खारी-बटरच्या बरणीशेजारी असतो तो. इंग्रजीत त्याला रस्क म्हणतील, आधी पाव भाजायचा, काप करायचे आणि मग मंद आचेवर परत भट्टीत अगदी कडक होईपर्यंत सुकवायचे. चुलत भाऊ अमेरिकेहून आला तेव्हा आजी म्हणाली चहाबरोबर टोस्ट घे, तो बिचारा गरम ब्रेड आणि लोण्याची वाट बघत बसला. पण शब्दाच्या मुळाप्रमाणे बघितलं तर आजीचाच टोस्ट जास्त टोस्ट आहे, पूर्ण कोरडा, आणि फॉल्स्टाफसारखा पेयात बुडवूनच खायचा.