गॉथिक ‘निउयिस’ : ‘नवा’ या विशेषणाचे मूळ आणि रूपे

आपला प्रश्न असा आहे की, बायबलच्या गॉथिक (जर्मॅनिक कुळातील एका लुप्त भाषेतील) अनुवादात योहान 13:34 मधील ‘नवी आज्ञा’ येथे ‘अनाबुस्न निउया’ आणि मार्क 1:27 मधील ‘ही नवी शिकवण’ येथे ‘सो निउयो’ असे का यावे, दोन्ही नामे तर स्त्रीलिंगी आहेत. शिवाय कोशात ‘निउयिस’ असे तिसरेच रूप सापडते. तिन्ही रूपे एकाच विशेषणाची आहेत.

आधी मूळ पाहू. ‘नवा’ या अर्थी आद्य भारोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, गॉथिक इत्यादींच्या कल्पित पूर्वज भाषेत, दोन जोडशब्द होते, आणि संस्कृताने ते ‘नव’ व ‘नव्य’ असे दोन्ही जपले. आपला मराठी ‘नवा’, ग्रीक ‘नेओस’ आणि लॅटिन ‘नोवुस’ हे पहिल्याचे वंशज आहेत; गॉथिक ‘निउयिस’ आणि लिथुआनियन ‘नाउयास’ हे मात्र ‘नव्य’च्या बाजूचे, म्हणजे त्यांत ‘य’ हा प्रत्यय आहे. गॉथिकमध्ये मूळच्या ऱ्हस्व ‘ए’चा ‘इ’ होतो, म्हणून ‘नेउ’चे ‘निउ’ झाले.

आता रूपांकडे वळतो. गॉथिक विशेषण दोन तऱ्हांनी चालते. नुसते ‘एक नवी आज्ञा’ म्हणायचे असेल तर सबल रूप येते : पुल्लिंगी ‘निउयिस’, स्त्रीलिंगी ‘निउया’. ‘सा, सो, थाता’ या दर्शकांपैकी एखादे सोबत असून वस्तू निश्चित झालेली असेल तर दुर्बल रूप येते : पुल्लिंगी ‘निउया’, स्त्रीलिंगी ‘निउयो’. मार्कच्या वाक्यात ‘सो’ आहे, योहानाच्या वाक्यात तसे काही नाही. आपल्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे. मराठीत ‘नवी’ दोन्हीकडे चालते, त्यामुळे हा भेद आपल्या कानाला सहज जाणवत नाही.

सबल रूपांचे बरेच प्रत्यय सर्वनामांकडून आलेले आहेत. पुल्लिंगी चतुर्थीचे ‘निउयाम्मा’ हे रूप ‘थाम्मा’ या सर्वनामासारखे आहे, आणि त्या ‘थाम्मा’च्या शेजारी संस्कृत ‘तस्मै’ ठेवून पाहावे : ‘स्म’चा ‘म्म’ झाला आहे. संस्कृतातही ‘सर्व’ सर्वनामासारखा चालतो आणि ‘सर्वस्मै’ होतो. गॉथिकने तीच सवय सगळ्या विशेषणांना लावली.

जाता जाता एक गंमत. मार्क 2:22 मध्ये नव्या द्राक्षारसासाठी ग्रीकात ‘नेओस’ आहे आणि नव्या बुधल्यांसाठी ‘काइनोस’. चौथ्या शतकातील गॉथिक अनुवादाने हा भेद राखला, पण ‘नेओस’साठी त्याचा सगोत्र ‘निउयिस’ न घेता ‘युंगाता’, म्हणजे ‘तरुण’, हा संस्कृत ‘युवश’चा भाऊबंद घेतला, आणि ‘निउयान्स’ बुधल्यांच्या वाट्याला आला. हे ‘निउयान्स’ पुल्लिंगी द्वितीया बहुवचन असून सबल आणि दुर्बल दोन्हींत सारखेच असते. येथे सोबत दर्शक नाही, म्हणून ते सबल मानायचे.