वाचकांचे प्रश्न : सड्यावरची कातळशिल्पं

प्रश्न : भर दुपारी कशेळीला गेलो, पण हत्तीचं कातळशिल्प नीट दिसलंच नाही. काय चुकलं? या खेपेला रत्नागिरीत दोन दिवस आहेत.

चुकली ती वेळ. रेषा जांभ्यात, म्हणजे कोकणातल्या सच्छिद्र दगडात, उथळ कोरलेल्या आहेत आणि शेकडो पावसाळे खाऊन खाचाही कातळासारख्याच काळ्या पडल्यात. डोक्यावर ऊन आलं की खाचेत सावली उरत नाही, सगळा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सपाट दिसतो. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, त्यामुळे एका जागी उभं राहून तो कळत नाही. सूर्याकडे तोंड करून उभे राहा, एक रेष धरा आणि बाहेरून तिच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारा. मग हत्तीच्या पोटात कोरलेले मासे आणि प्राणी शोधा. ती खरी मेजवानी! पावसाळ्यात गवत आणि पाणी सगळं झाकून टाकतं. दिवाळीनंतर गवत वाळलं की जावं.

पहिल्या दिवशी पावस, पूर्णगडमार्गे निघा. कशेळीत आधी कनकादित्याचं देऊळ बघा. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ताम्रपट याच देवस्थानाचा, आणि रथसप्तमीचा उत्सव इथला मोठा. उन्हं कलली की सड्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उक्षी गावचा कोरलेला हत्ती. तिथे गोल कठड्यावरून तो वरून दिसतो, म्हणून नवख्याला सोपा. सड्यावर सावली नाही; माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच. गाडी रस्त्यावरच ठेवा, चाकाखाली जांभ्याच्या कडा तुटतात. वाट गावातच विचारा.

प्रश्न : देवाचे गोठणे येथे होकायंत्र खरंच चुकतं का?

हो. राजापूर तालुक्यातल्या या सड्यावर कोरलेल्या मानवाकृतीपाशी खडकातच चुंबकत्व आहे. साधं सुईचं होकायंत्र न्या. आधी दूर उभं राहून उत्तर दिशा नक्की करा, मग ते कातळावर टेकवून हळूहळू सरकवा; सुई भरकटताना दिसेल. मोबाइलवर बघणार असाल तर चुंबक असलेलं कव्हर आधी काढा.

प्रश्न : फोटोसाठी खाचेत खडू भरला तर चालेल का?

मुळीच नाही. जांभा सच्छिद्र, पूड भोकांत अडकते आणि घासून काढताना खाचेची कडच झिजते. संध्याकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, रेषा आपोआप उठतात. आणि चित्रावर पाय देऊ नका, अनवाणीसुद्धा.