पावसाच्या दिवशी ग्रुयेर: आईबाबांना घेऊन जाणार असाल तर

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठच्या मॉन्ट्रो शहरात दोन रात्रींचा मुक्काम, बरोबर सत्तरीतले आईबाबा, हातात देशभरच्या गाड्या-बसचा स्विस ट्रॅव्हल पास, आणि गुरुवारी दिवसभर पावसाचा अंदाज. मग रोशे द नेच्या डोंगरावर जावं, की तळ्याकाठचा शियाँचा किल्ला, चीजसाठी प्रसिद्ध असलेलं टेकडीवरचं जुनं गाव ग्रुयेर आणि चॉकलेटचा कारखाना एकाच दिवसात उरकावं?

मी अकरा वर्षं लोझानला राहतोय. भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन ग्रुयेरला पंधरा वेळा तरी गेलो असेन, त्यातले निम्मे दिवस पावसाचे. माझं मत विचाराल तर गुरुवारी वर जाऊ नका आणि तीन ठिकाणांचा घाट तर मुळीच घालू नका. एकटं ग्रुयेर करा आणि अख्खा दिवस त्याला द्या. रोशे द ने 2042 मीटरवर आहे. खाली तळ्याकाठी झड लागलेली असते तेव्हा वर नुसता पांढरा ढग असतो, दहा पावलांवरचं दिसत नाही. ग्रुयेरची टेकडी साधारण 800 मीटरवर, म्हणजे बहुतेक वेळा ढगाच्या खालीच. शिवाय तिथलं जे पाहण्यासारखं आहे ते बरंचसं छपराखाली आहे. शियाँ मॉन्ट्रोहून बसने अगदी जवळ आहे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

मॉन्ट्रोहून छोट्या रुळांची गाडी द्राक्षमळ्यांतून वळणं घेत चढते. खिडकीपाशी बसा, तळं खाली खाली जात राहतं. मग जामाँचा लांब बोगदा लागतो. त्याच्या अलीकडे तळं, पलीकडे कुरणं, गाई आणि लाकडी घरं. माँबोवाँला गाडी बदलायची. पासवर हा प्रवास होतो.

ग्रुयेर स्टेशनच्या समोरच चीज बनवतात ती जागा आहे. काचेआडून बघता येतं. प्रत्यक्ष काम मुख्यतः सकाळी चालतं, म्हणून लवकर निघा. तांब्याच्या प्रचंड कढयांत कच्चं दूध, त्याचं दही नव्हे तर घट्ट चक्का होतो, तो तारांच्या पात्यांनी कापतात, मग ढवळत 57 अंशांपर्यंत तापवतात. साधारण 400 लिटर दुधाचं चीजचं 35 किलोचं एक चाक होतं. ते मिठाच्या पाण्यातून काढून तळघरात किमान पाच महिने ठेवतात. माझी आई त्या कढईपाशी अर्धा तास हलली नाही. खरवस आणि पनीर आयुष्यभर केलेल्या बाईला यातलं सगळं कळतं, भाषांतर लागत नाही.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती आपल्याकडच्या अनेकांना नंतर कळते आणि मनाला लागते. अस्सल ग्रुयेर चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. आईबाबा कडक शाकाहारी असतील तर त्यांना हे चाखण्यापूर्वी सांगा आणि ठरवणं त्यांच्यावर सोपवा. फोंड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, या चीजबरोबर पांढरी वाइनही असते. वर गावात सगळीकडे मिळणारं मरँग म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं. त्याच्यासोबत लाकडाच्या लहानशा कुंडीतून जी घट्ट साय देतात, ती चमच्याला धरून राहते. अंडं चालत असेल तर हा प्रकार अजिबात चुकवू नका. अंडं चालत नसेल तर बटाट्याची रोश्टी मागवा, पण आत डुकराचं मांस आणि वर चीज नको असं स्पष्ट सांगून. माझे आईबाबा पोळी-भाजी आणि मेथीचे ठेपले घेऊनच निघतात. गाडीत खाल्लं तर इथे कुणी हटकत नाही.

स्टेशनवरून गाव वर पंधरा-वीस मिनिटांच्या चढावर आहे. पावसात आईबाबांना चालवू नका, बस आहे. गावात एकच रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी घरं, गाड्यांना मनाई. रस्त्यावर गोल गुळगुळीत दगडांची फरसबंदी आहे आणि ती ओली झाली की फार घसरते. माझे बाबा पहिल्या वेळी साध्या चपट्या तळव्याच्या बुटांत होते, उतारावर त्यांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. दातेरी तळव्याचे बूट हवेतच. धान्य मोजायची दगडात कोरलेली जुनी मापं रस्त्यालगत आहेत. पावसात ती पाण्याने भरतात आणि तेव्हाच खरी नजरेत येतात. आपल्या पायली-अधोलीसारखंच हे.

ग्रुयेरच्या किल्ल्यासाठी दीड-दोन तास ठेवा. मूळ बांधणी तेराव्या शतकातली. इथले सरदार, ज्यांना काउंट म्हणत, एकामागून एक एकोणीस झाले. शेवटचा मिशेल कर्जात पुरता बुडाला आणि 1554 मध्ये त्याचं दिवाळं निघालं. त्याचे सावकार कोण, तर फ्रिबूर्ग आणि बर्न ही दोन शहरं. त्यांनी त्याची जहागीर आपसात वाटून घेतली. लढाईत नव्हे, कर्जात गेलेलं राज्य. हे डोक्यात ठेवून दालनं बघितली की रिकाम्या भिंतीही बोलतात. 1476 च्या मुर्तेनच्या लढाईत बर्गंडीच्या ड्यूकच्या हरलेल्या फौजेतून लूट म्हणून मिळालेली भरजरी वस्त्रंही इथे आहेत, ती जरूर शोधा.

सरदारांच्या दालनात भिंतींवर इथल्या दंतकथांची चित्रं आहेत, तिथे बाबांना थोडा वेळ बसू द्या. गावात एक गोष्ट सांगतात: पुरुष लढाईत गुंतलेले असताना बायकांनी बकऱ्यांच्या शिंगांना मेणबत्त्या बांधून अंधारात सोडल्या आणि बर्नचे सैनिक घाबरून पळाले. मी ही गोष्ट सांगत होतो तर बाबांनी मला मध्येच थांबवलं, "अरे, हा तर कात्रजचा घाट!" शाएस्तेखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना घाटात चकवल्याची गोष्ट आपण सगळेच ऐकत वाढलो. आल्प्सच्या पायथ्याशी त्याच युक्तीची गोष्ट भेटली, याचा त्यांना इतका आनंद झाला की पुण्याला परतल्यावर आठवडाभर प्रत्येक फोनवर तेच सांगत होते.

गावातच एका वास्तूत गीगर या चित्रकाराचं संग्रहालय आहे. त्याच्या भयपटातल्या कामाला 1980 मध्ये ऑस्कर मिळालं. काम थोर आहे, पण हाडं आणि यंत्रं यांची ती भेसूर चित्रं आईबाबांना किंवा लहान मुलांना नकोत. तुम्हाला जायचं असेल तर त्यांना समोर कॉफीला बसवून जा.

कपड्यांबद्दल फार गाफील राहू नका. आपल्याकडे जुलैच्या पावसात भिजलं तरी अंगाला ऊब असते. इथे पाऊस लागला की जुलैतही बारा-तेरा अंश असतात आणि ओले पाय दिवसभर गारठतात. प्रत्येकाला मोज्यांचा जादा जोड, आईला शालीऐवजी स्वेटर आणि वरून टोपीचा रेनकोट. तटावर वारा असतो, छत्री उलटी होते.

आणि परतीची गाडी साडेतीनची ठरवू नका. दुपार टळली की पर्यटकांच्या बसगाड्या निघून जातात आणि रस्ता रिकामा होतो. माझ्या अनुभवात पाऊस थांबलाच तर अनेकदा संध्याकाळकडे थांबतो. तेव्हा किल्ल्यामागच्या बागेकडून समोर बघा, ढग फाटतात आणि 2002 मीटरचा मोलेझाँ डोंगर आधी खांद्यापासून दिसायला लागतो. त्यासाठी पुढची एखादी गाडी मोजून ठेवा.