चौदा खिडक्यांचा हिशेब

ताई, नमस्कार.

सोलापूरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीनं मुंबईत टेक्स्टाइल डिझाइनचं शिक्षण पुरं केलं आणि आता लोअर परळच्या एका स्टुडिओनं तिला ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ म्हणून बोलावलंय. इंटिरियर डिझायनर मागतील तसं पडद्यांचं, सोफ्यांचं कापड खास विणून घ्यायचं आणि वेळेत पोचवायचं, असं काम. तुम्ही विचारता, ‘‘एवढं शिकून पडद्यांची मापं घ्यायची का? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा काय वाईट?’’ तिचे वडील घरचे चार यंत्रमाग चालवतात आणि यावर काहीच बोलत नाहीत, असंही लिहिलंय.

मापांवरूनच सांगतो. समजा, एक खिडकी 6 फूट रुंद आहे आणि दांडीपासून जमिनीपर्यंत 8 फूट. पडद्याला चुण्या नीट पडायच्या तर रुंदीच्या अडीचपट कापड लागतं, म्हणजे 180 इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 54 इंच. हिशेबानं सव्वातीनहून थोडे जास्त पन्हे लागतात, म्हणून सरळ 4 घ्यायचे. उंचीचे 96 इंच, वरच्या पट्टीला आणि खालच्या दुमडीला मिळून 12, असा एक तुकडा 108 इंचांचा. चार तुकड्यांना 11 मीटर कापड झालं. इथपर्यंत कोणताही चांगला शिंपी सांगेल.

आता त्या कापडावर वेलबुट्टी आहे आणि ती दर 24 इंचांनी पुन्हा येते. शेजारच्या तुकड्यांवरची फुलं एका रेषेत यायची, तर प्रत्येक तुकडा 108 ऐवजी 120 इंचांचा कापावा लागतो. खिडकीमागे 1.2 मीटर कापड कातरणात गेलं. बंगल्याला अशा 14 खिडक्या असतील, तर सुमारे 17 मीटर. मीटरला दीड हजारांचं कापड धरलं, तर पंचवीस हजार रुपये केरात.

पण कापड अजून विणायचंच आहे ना! मग नक्षी 24 ऐवजी 27 इंचांची का करू नये? 27 चोक 108. काहीच वाया जात नाही. हे डिझायनरला सुचत नाही, कारण तो खोलीकडे बघत असतो. विणणाऱ्याला सुचत नाही, कारण त्याला खिडकी कुणी दाखवलेलीच नसते. नक्षी उभी वाढवायची तर जकार्डचे (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे) भोकं पाडलेले पुठ्ठे किती वाढतील, हे तिच्या वडिलांना विचारा, ते बसल्या जागी सांगतील. तुमच्या मुलीला खिडकीही दिसेल आणि मागही. टेप घेऊन उभी राहील ती यासाठी. तिचं शिक्षण तिथेच कामाला येणार आहे.

यातलं दुसरं मोठं काम म्हणजे उलटं कॅलेंडर. गृहप्रवेश दिवाळीत असेल, तर पडदे लावायचा दिवस आधी ठरवायचा आणि तिथून मागे मोजत यायचं: शिलाई, तपासणी, फिनिशिंग, विणकाम, ताणा (उभे धागे) भरणं, सूत रंगवणं, नमुना, नमुन्यावर डिझायनरची सही. हातमागावर दिवसाला समजा 4 मीटर निघालं, तर 60 मीटरला एका मागावर 15 दिवस गेलेच, आणि मधले सणवार वेगळे. सगळ्यात जास्त दिवस मात्र विणण्यात जात नाहीत, ते सहीत जातात. ‘हा निळा जरा अजून मऊ करा’ हे वाक्य तिला दर आठवड्याला ऐकावं लागेल. सहीशिवाय सूत रंगायला पाठवायचं नाही, हा नियम तिनं पहिल्या दिवसापासून पाळावा, समोर कितीही मोठा डिझायनर असला तरी. सूतही थोडं जास्तीचं एकाच लॉटमध्ये रंगवून घ्यायचं. नंतर दोन मीटर कापड कमी पडलं आणि सूत पुन्हा रंगवलं, तर तो रंग सहसा जुळत नाही.

(सुती कापड धुतल्यावर आटतं हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगतो. माझ्याच हॉलचे पडदे न धुता शिवून घेतले. आता ते जमिनीपासून दोन इंच वर लोंबतात आणि पाहुण्यांना वाटतं, मुद्दाम तसे केलेत.)

सोफ्याच्या कापडाचा हिशेब आणखी वेगळा. ते किती घासणं सोसतं, हे मार्टिंडेल चाचणीत मोजतात. घरच्या रोजच्या सोफ्याला 20 हजार घासण्यांच्या आसपास चालतं, हॉटेलच्या लॉबीला 40 हजारांच्या पुढचं मागतात. तिथे आग लवकर पकडणार नाही असंही कापड लागतं. हे ती शिकेल, त्याची काळजी नको.

काळजी करावी असंही आहे. सुरुवातीचा पगार फार नसतो. साइटवर सुताराची धूळ असते, फॉल्स सीलिंग झाल्यावर उंची बदलते आणि पुन्हा मापं घ्यायला धावावं लागतं, कधी रविवारीही. म्हणून होकार देण्याआधी तिनं तीन गोष्टी विचाराव्यात. माप चुकलं तर नुकसान कोण सोसतं, स्टुडिओ की तिचा पगार? तिला मागांवर पाठवणार, की फक्त व्हॉट्सॲपवर ‘कुठवर आलं?’ विचारायला बसवणार? साइटवरून उशीर झाला तर घरी सोडायची सोय काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘फक्त फोन’ असेल, तर ही नोकरी तिनं घेऊ नये, आणि हे मी ठामपणे सांगतो.

बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत. तिला आकडे आवडत असतील आणि कापड आवडत नसेल, तर जरूर द्याव्यात. पत्रावरून तसं वाटलं नाही. दोन वर्षं हे काम करून पुढे शिकायचं ठरवलं, तर अहमदाबादच्या एनआयडीला (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) टेक्स्टाइल डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तोवर मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात तिनं एक चक्कर मारावी, मंगळदास मार्केटात रविवार सोडून कधीही जाऊन कापड हाताळावं. लोअर परळमध्ये 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे माग एकेक करून थांबले, आता त्याच आवारांत पडद्या-सोफ्यांची दुकानं आहेत. तिथे माग ओळखणारी माणसं थोडीच उरलीत. तुमच्या मुलीच्या कानात तो आवाज लहानपणापासून आहे.

तिचे वडील बोलत नाहीत म्हणालात. तिला घरच्याच एका खिडकीचं माप घ्यायला सांगा, नक्षी कितीची धरायची ते तिचं तिला ठरवू दे, आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवा. ते काय म्हणाले, ते मला कळवा.