ठिपके दिसले म्हणून शाई वाढवू नका

प्रश्न : लिनोवर, म्हणजे ठसे घेण्यासाठी कोरायच्या मऊ पट्टीवर, रामकुंडाचा घाट कोरला आहे. छपाईचा प्रेस नाही, म्हणून शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून चमच्याने घासून ठसे घेते. काळ्या भागात पांढरे ठिपके राहतात. शाई वाढवली तर पायऱ्यांच्या रेषा बुजतात. थंडीत लिनो कडकही फार लागतो. काय करू?
– एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : गोम शाई वाढवण्यातच आहे. आधी कमी काय पडतंय ते पाहा, शाई की दाब. कागद एका हाताने घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने एक कोपरा उचला. फिक्या जागी पुन्हा घासल्यावर ठिपके भरले, तर दाब कमी होता. चमच्याची पाठ छोट्या गोलांत फिरवत मधून कडेकडे जा. वहीच्या पानाएवढ्या ब्लॉकला पाच-सात मिनिटं लागतातच. जाड ड्रॉइंग पेपर चमच्याला दाद देत नाही. पातळ, चिवट नेपाळी कागद घ्या.

घासूनही ठिपके तिथेच राहिले, तर त्या जागी शाई धरलेलीच नाही. बहुधा बोटांचा तेलकटपणा. पुढच्या वेळी कोरण्याआधी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने लिनो हलका घासून पुसा. नवा लिनो पहिल्या दोन-तीन ठशांना शाई पितो, त्यामुळे पहिल्या ठशावरून निकाल लावू नका.

काचेवर शाई थोडीच घ्या. रोलर फिरवताना बारीक चुरचुर ऐकू यायला हवी. चपचप आवाज आला आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसला, तर शाई जास्त झाली. एका जाड थरापेक्षा दिशा बदलत दिलेले चार पातळ थर केव्हाही बरे. उन्हाळ्यात पाण्याची शाई काचेवरच वाळते. तेव्हा तेलाची वापरा.

बुजलेल्या रेषा खाद्यतेल आणि जुन्या टूथब्रशने मोकळ्या करा, मग साबणाचं पाणी. तरी बुजतच असतील तर कोरणं उथळ आहे. व्ही टूलने (व्ही आकाराच्या टोकाच्या कोरणीने) किमान एक मिलिमीटर खोल जा, पण रेषेच्या बाजू उतरत्या ठेवा. खालून पोखरलेली कड घासताना तुटते. आणि घाटाची प्रत्येक पायरी कोरायलाच हवी का? चित्रकार नंदलाल बोस यांचं 1930 चं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोकट पाहा : काळ्यावर मोजक्याच पांढऱ्या रेषा.

लिनो जवसाच्या तेलाचा आणि बुचाच्या भुकटीचा, म्हणून थंडीत आखडतो. दहा मिनिटं उन्हात ठेवा. कडक लिनोवर हत्यार सटकतं, तेव्हा दुसरा हात कायम पात्याच्या मागे.

प्रश्न : लिनोऐवजी प्लाय चालेल का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : ढोबळ आकारांना चालेल. बारीक रेषेला वरचा पापुद्रा उचकटतो. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) बरा, त्याला लाकडाच्या रेषा नसतात, मात्र टूल लवकर बोथट होतं.